नवा मल्टिप्लेअर शूटर घ्यायचा की थांबायचे? ठाणे-नवी मुंबईच्या खेळाडूंसाठी खरेदीपूर्वीची तपासणी

एकट्याने खेळायचा गेम विकत घेतला की त्यात जे काही आहे ते सारे आपल्या हाती येते. तो आज खेळला काय आणि दोन वर्षांनी खेळला काय, कथा तीच राहते आणि किंमत मात्र उतरलेली असते. मल्टिप्लेअर शूटरचे, म्हणजे अनेकांनी ऑनलाइन एकत्र खेळायच्या बंदुकांच्या गेमचे, तसे नाही. रात्री दहा वाजता आपण खेळायला बसतो तेव्हा जवळच्या सर्व्हरवर (ज्या मध्यवर्ती संगणकावर सामना चालतो त्यावर) पुरेशी माणसे असणे आणि आपला नेहमीचा गट सोबत असणे, या दोन गोष्टी नकाशे, बंदुका आणि ग्राफिक्स यांच्यापेक्षा महत्त्वाच्या असतात, आणि त्या कंपनी विकतच नाही. तरीही होते असे की लोकप्रिय शूटरचा पुढचा भाग जाहीर होतो, ट्रेलर येतो, गटातले कुणीतरी प्री-ऑर्डरचा स्क्रीनशॉट टाकते आणि काही हजार रुपयांचा निर्णय पाच मिनिटांत होऊन जातो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या आणि दिवसभर काम किंवा कॉलेज करून रात्री दीड-दोन तास खेळणाऱ्या खेळाडूने हा निर्णय घेण्यापूर्वी काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे, ते पुढे दिले आहे.

आधी जुन्या भागाची यादी करा

नव्या भागाचा ट्रेलर दुसऱ्यांदा पाहण्यापूर्वी, जुन्या भागात आपण प्रत्यक्षात काय खेळतो ते लिहून काढावे. कोणता मोड (सामन्याचा प्रकार), किती जणांचा संघ, कोणती भूमिका, बोलण्यासाठी गेममधील व्हॉइस चॅट की बाहेरचे अ‍ॅप, आणि स्वतःचा सर्व्हर निवडण्याची सोय आपण वापरतो का, इतके पुरे. मग यादीतील एकेक गोष्ट नव्या भागात पहिल्या दिवशी मिळणार आहे की नाही, ते अधिकृत माहितीत शोधावे. पुढच्या भागात सगळे जुने असणारच आणि वर नवे मिळेल, हे गृहीतक अनेकदा खोटे ठरलेले आहे.

'बॅटलफील्ड २०४२' हा गेम नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, तेव्हा एका सामन्यात १२८ खेळाडू ही त्याची मोठी जाहिरात होती. परंतु त्यात गेमअंतर्गत व्हॉइस चॅट नव्हते, पूर्वीसारखा स्कोअरबोर्ड नव्हता, आणि या मालिकेचा कणा असलेली सैनिकांच्या वर्गांची पद्धत मोडून तिच्या जागी 'स्पेशलिस्ट', म्हणजे स्वतःचे खास कौशल्य असलेली ठरावीक पात्रे, आणले होते. वर्गांची पद्धत परतायला २०२३ उजाडले. 'ओव्हरवॉच २' ऑक्टोबर २०२२ मध्ये आला तेव्हा सहा विरुद्ध सहा ही रचना पाच विरुद्ध पाच झाली आणि पैसे देऊन घेतलेल्या पहिल्या भागाचे सर्व्हरही बंद झाले, म्हणजे जुन्याकडे परतण्याची वाटच उरली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २' ने जुन्या गेमची जागा घेतली, तेव्हा मॅकवर खेळणारे बाहेर पडले आणि सामना जास्तीत जास्त ३० फेऱ्यांवरून २४ फेऱ्यांवर आला. हा शेवटचा गेम फुकट आहे, त्यामुळे तिथे पैशांचा प्रश्न नव्हता; पण ज्याची सवय ३० फेऱ्यांच्या सामन्याची होती, त्याच्यासाठी खेळाचा तोल बदलला तो बदललाच.

याच ठिकाणी एक नियम कडकपणे पाळावा असे माझे मत आहे: 'पुढच्या सीझनमध्ये (काही महिन्यांनी येणाऱ्या नव्या भरीत) येणार' असे ज्या गोष्टीबद्दल सांगितले जाते, तिची खरेदीच्या दिवशीची किंमत शून्य धरावी. 'ओव्हरवॉच २' ची घोषणा २०१९ मध्ये झाली, तेव्हा संगणकाविरुद्ध मिळून खेळायचा मोठा विभाग हे तिचे प्रमुख आकर्षण होते. त्यातील महत्त्वाकांक्षी 'हीरो मोड' मे २०२३ मध्ये रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. केवळ त्या आश्वासनावर दुसऱ्या भागाची वाट पाहणाऱ्यांच्या पदरात काहीच पडले नाही.

सर्व्हर कुठे आहे, हा खरा प्रश्न

आपल्या भागातील खेळाडूने सर्वाधिक वेळ या मुद्द्यावर द्यावा. अंतराच्या दृष्टीने ठाणे-नवी मुंबईची जागा भाग्याची आहे. महापे, रबाळे, ऐरोली या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत, आणि अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग २०१६ पासून चालू आहे. गेमच्या कंपनीने मुंबईत सर्व्हर ठेवला असेल, तर घणसोलीतल्या किंवा घोडबंदर रोडवरच्या घरातून तारेने जोडलेल्या संगणकावर एक आकडी किंवा दहा-पंधरा मिलिसेकंदांचा पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्याचा वेळ) मिळणे सहज शक्य असते. परंतु सोय उपलब्ध असणे वेगळे आणि कंपनीने ती भाड्याने घेणे वेगळे. भारतात पुरेसे ग्राहक मिळणार नाहीत असे वाटले, तर कंपनी आपल्याला सिंगापूरला पाठवते.

सिंगापूर म्हणजे नेमके किती दूर, हे गणिताने पाहता येते. मुंबईपासून सरळ रेषेत ते सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ७,८०० किलोमीटरला ३९ मिलिसेकंद लागणारच, मग तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असो की १,००० चा. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत यंत्रेही असतात, म्हणून प्रत्यक्षात ६० ते ९० चा आकडा दिसतो. युरोपातील सर्व्हर याच्या दुपटीच्या आसपास जातो, आणि त्या वाटेवर अपघातही होतात: सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारताकडून पश्चिमेकडे जाणारी इंटरनेट वाहतूक मंदावली होती.

शूटरमध्ये या मिलिसेकंदांचा परिणाम कसा होतो, तेही समजून घ्यावे. प्रत्येकाच्या पडद्यावरचे जग सर्व्हरवरच्या जगापेक्षा किंचित मागे चालत असते. एखाद्याने गोळी झाडली की सर्व्हर काळ थोडा मागे नेतो, त्या क्षणी त्या खेळाडूला समोरचा कुठे दिसत होता ते पाहतो आणि नेम लागला की नाही ते ठरवतो. ही व्यवस्था नसती तर हलत्या शत्रूवर नेम धरणे अशक्य झाले असते. मात्र तिची किंमत लपणाऱ्याला मोजावी लागते: आपण भिंतीआड पूर्ण शिरलेलो असतो आणि तरीही मरतो, कारण मारणाऱ्याच्या पडद्यावर आपण अजून बाहेरच होतो. त्याचप्रमाणे कोपऱ्यावरून झेप घेऊन येणाऱ्याला आपण आधी दिसतो आणि आपल्याला तो नंतर दिसतो. पिंग वाढला की हा फरकही वाढतो. ८० च्या पिंगवर शूटर खेळता येतो, त्यात गंमतही असते; पण कोपरा धरून शांतपणे वाट पाहण्याची ज्याची शैली आहे, त्याला तिथे सतत अन्याय झाल्यासारखे वाटेल, आणि धावत जाऊन भिडणाऱ्याला तितकेसे जाणवणार नाही. म्हणून हा आकडा स्वतःच्या शैलीशी ताडून पाहावा.

आता तपासणी. कंपनीच्या पानावर नुसते 'आशिया' लिहिले असेल तर त्यावर समाधान मानू नये. ते सिंगापूर असू शकते, टोकियो किंवा हाँगकाँगही असू शकते. 'मुंबई' किंवा 'भारत' असा उल्लेख शोधावा. तो नसेल तर बीटाची, म्हणजे विक्रीपूर्वी खेळून पाहायला दिल्या जाणाऱ्या चाचणी आवृत्तीची, वाट पाहावी, आणि बीटात शिरल्यावर पहिल्या सामन्याआधी सेटिंगमधून पिंग व पॅकेट लॉस (माहितीचे किती तुकडे, म्हणजे पॅकेट, वाटेत हरवतात ते) दाखवणारा पर्याय चालू करावा. बीटा झालाच नाही, तर गेम बाजारात आल्यावर स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानातील परीक्षणांत भारतीय खेळाडूंनी सर्व्हरबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. तिथे परीक्षण लिहिताना त्या व्यक्तीचे किती तास खेळून झाले होते, तेही दिसते. अर्ध्या तासात रागाने लिहिलेले चार शब्द आणि ४० तासांनंतर शांतपणे मांडलेली तक्रार यांना एकच वजन देऊ नये.

याच्या जोडीला घरची लाइन तपासणे आवश्यक आहे, नाहीतर घरचा दोष गेमच्या माथी मारला जातो. 'व्हॅलोरंट' हा शूटर फुकट आहे आणि त्यात मुंबई व सिंगापूर अशा दोन्ही सर्व्हरचे पिंग दिसतात. आपण ज्या वेळी खेळतो त्याच वेळी, म्हणजे रात्री दहाच्या सुमारास, ते पाहावे, कारण सकाळी अकराचा आकडा आपल्या कामाचा नाही. मुंबईचा पिंग ३०-४० च्या वर जात असेल किंवा २० वरून १२० वर उडी मारून परत खाली येत असेल, तर अडचण बहुधा वायफायची असते. खारघर, उलवे किंवा कासारवडवलीतील उंच इमारतींत मोबाइलवर शेजाऱ्यांची पंधरा-वीस वायफाय नावे सहज दिसतात. ती सारी त्याच लहरींवर गर्दी करतात, आणि राऊटर हॉलमध्ये व संगणक आतल्या खोलीत असेल तर मध्ये काँक्रीटची भिंतही येते. २० मीटरची लॅन केबल काही शे रुपयांत मिळते आणि नव्या गेमपेक्षा तीच खेळ अधिक सुधारते. केबल लावूनही उड्या थांबल्या नाहीत, तर घरात कुणी टीव्हीवर मालिका पाहत असताना आणि कुणीच काही पाहत नसताना असे दोनदा मोजावे. फरक मोठा असेल तर लाइन भरली की राऊटर गेमचे पॅकेट रांगेत ताटकळत ठेवतो असे समजावे, आणि राऊटरच्या सेटिंगमध्ये प्राधान्य देण्याची सोय असल्यास ती वापरावी. दोन्ही वेळा पिंग सारखाच वाईट असेल, तर दोष ब्रॉडबँड कंपनीच्या वाटेत आहे. अशा वेळी शेजारच्या फ्लॅटमधील दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर तीच चाचणी करून पाहणे हा सर्वांत प्रामाणिक पुरावा होय.

संगणक चालेल का

किमान आवश्यकतेची यादी सर्वजण पाहतात, पण अलीकडे ग्राफिक्स कार्ड पुरेसे असूनही गेम सुरूच होत नाही अशी वेळ येते. फसवणूक रोखणाऱ्या अँटी-चीट यंत्रणेला आता अनेकदा 'सिक्युअर बूट' (संगणक सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'बॅटलफील्ड ६' साठी ते सक्तीचे आहे आणि त्यानंतरच्या महिन्यातील 'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स ७' साठी त्यासोबत टीपीएम २.० ही संगणकातील सुरक्षा-चिप देखील लागते. हे तपासायला दोन मिनिटे पुरतात. विंडोजच्या शोधचौकटीत 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' उघडावे. तिथे 'बायोस मोड' पुढे 'युईएफआय' आणि 'सिक्युअर बूट स्टेट' पुढे 'ऑन' दिसले, तर काळजी नाही. 'बायोस मोड' पुढे 'लेगसी' दिसले, तर मात्र डिस्कची जुनी विभागणी बदलावी लागेल. ते काम महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून ठेवल्याशिवाय करू नये, आणि सवय नसेल तर संगणक जोडून देणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे. पाच-सहा वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या अनेक संगणकांत हे सारे उपलब्ध असते, फक्त बंद ठेवलेले असते. लिनक्सवर किंवा स्टीम डेकवर (लिनक्सवरच चालणाऱ्या, हातात धरायच्या गेमिंग संगणकावर) खेळणाऱ्यांनी तर अँटी-चीटबद्दल आधीच खात्री करून घ्यावी, कारण तिथे गेम चालू न होणे हीच अनेकदा अंतिम स्थिती असते.

जागेचाही विचार करावा. असे गेम सहज १०० जीबीपर्यंत जातात. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ते उतरायला किमान सव्वादोन तास लागतात.

किती थांबावे

थांबा, किंमत उतरेल, हा सल्ला एकट्याच्या गेमसाठी उत्तम आहे. मल्टिप्लेअरमध्ये तो अर्धाच खरा, आणि भारतात तर त्याहून कमी. किंमत उतरते तशी गर्दीही उतरते, आणि एकूण खेळाडू कमी झाले की भारतीय सर्व्हर इतरांच्या आधी ओस पडतो. मुख्य मोडमध्ये सामना मिळत राहतो, पण आपल्याला आवडणारा बाजूचा मोड रात्री अकरानंतर रिकामा दिसू लागतो आणि मॅचमेकिंग, म्हणजे खेळाडूंची जुळणी करणारी यंत्रणा, आपल्याला हळूच सिंगापूरला नेऊन सोडते. म्हणून माझा सल्ला असा: पहिल्या दिवशी घेऊ नये, वर्षभरही थांबू नये, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या दरम्यान निर्णय घ्यावा. तोवर पहिल्या गर्दीचा धुरळा बसलेला असतो आणि नवखे खेळाडू अजून भरपूर असतात.

या आठवड्यांत पाहायचे ते हे की, गेममधील दोष भरून निघणारे आहेत की न निघणारे. 'हेलडायव्हर्स २' फेब्रुवारी २०२४ मध्ये आला तेव्हा अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोक आले, कंपनीला एकावेळच्या खेळाडूंवर ४,५०,००० ची मर्यादा घालावी लागली आणि लोक रांगेत अडकले. तो दोष भरून निघणारा होता, कारण मूळ खेळ लोकांना हवा होता. 'पेडे ३' सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हाही सर्व्हर कोसळले आणि एकट्याने खेळायलाही इंटरनेट सक्तीचे असल्यामुळे लोकांना काहीच करता येईना. सर्व्हर पुढे सुधारले, पण तोवर लोक जुन्या भागाकडे परतले होते. वरवर दोन्हीकडची बातमी एकच होती, 'सर्व्हर बंद'. फरक कळतो तो रांगेत उभे असलेले लोक परत येत आहेत की नाही यावरून, आणि ते स्टीमवरील आकडे दाखवणाऱ्या 'स्टीमडीबी' या संकेतस्थळावरील एकाचवेळच्या खेळाडूंच्या आलेखात दिसते. पहिल्या शनिवार-रविवारचा उच्चांक पाहू नये. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यातील मंगळवार-बुधवारची पातळी एकमेकींशी ताडावी. ती दर आठवड्याला झपाट्याने घसरत असेल तर हात आखडता घ्यावा. कन्सोलवरील खेळाडू या आलेखात येत नाहीत, म्हणून क्रॉस-प्ले (संगणक व कन्सोलवरच्यांनी एकत्र खेळण्याची सोय) असलेल्या गेमला थोडी सवलत द्यावी.

शेजारी कोणते गेम येत आहेत, तेही पाहावे. 'टायटनफॉल २' उत्तम गेम होता, तरी ऑक्टोबर २०१६ मध्ये तो 'बॅटलफील्ड १' नंतर एका आठवड्याने आणि नव्या 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या एक आठवडा आधी बाजारात आला, आणि खेळाडूंच्या खेचाखेचीत मागे पडला. दर्जा चांगला असला की गर्दी होतेच, असे नाही.

गट

चार जणांच्या स्क्वॉडसाठी रचलेला गेम अनोळखी तिघांसोबत खेळणे हा निराळाच अनुभव असतो. म्हणून गटात 'घेणार का?' असे न विचारता 'पुढचा महिनाभर कोणत्या दोन रात्री खेळणार?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. दुसऱ्याला उत्तर देताना ऐरोलीत रात्रपाळी करणारा, परीक्षा जवळ आलेला आणि घरी लहान मूल असलेला, असे एकेक जण बाजूला होतात, आणि खरी संख्या कळते. निम्म्याहून कमी उरले तर जुन्याच भागात राहणे शहाणपणाचे आहे. गटातील कुणी प्लेस्टेशनवर आणि कुणी संगणकावर असेल तर क्रॉस-प्ले आहे का, हे इथेच विचारून घ्यावे.

पैसे आणि परतावा

किंमत म्हणजे फक्त गेमची किंमत नव्हे. प्लेस्टेशनवर विकतचा गेम ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसचे सदस्यत्वही लागते. संगणकावर असे वेगळे शुल्क नाही. महागड्या आवृत्तीत बहुधा स्किन (पात्रांचे व बंदुकांचे सजावटी रूप), बॅटल पास (खेळत गेल्यावर बक्षिसे उघडणारा विकतचा पास) आणि तीन-चार दिवस आधी खेळण्याची मुभा असते. यांतील एकही गोष्ट खेळ चांगला करत नाही, आणि पहिल्या तीन-चार दिवसांचा सर्व्हर हा तर सर्वांत अस्थिर असतो. आज घेतलेले उद्याही राहील, याचीही खात्री नसते: 'डेस्टिनी २' मधून नोव्हेंबर २०२० मध्ये पैसे देऊन घेतलेल्या मोहिमाच काढून घेतल्या गेल्या, आणि 'बॅटलफील्ड: बॅड कंपनी २' चे ऑनलाइन सर्व्हर डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाले. खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवू देणारा गेम म्हणूनच पैसे देण्यास अधिक योग्य वाटतो.

परताव्याचे नियम दुकानागणिक वेगळे आहेत. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवसांची मुदत असली तरी डाउनलोड सुरू झाले की परतावा सहसा मिळत नाही, म्हणून प्री-ऑर्डर केलीच तर आपोआप उतरवण्याचा पर्याय बंद ठेवावा. त्याऐवजी डिस्क घेतल्यास ती पुढे विकता तरी येते. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि खेळाचे २ तास यांच्या आत मागणी केली तर पैसे परत मिळतात. एप्रिल २०२४ पासून आगाऊ प्रवेशात, म्हणजे गेम सर्वांसाठी खुला होण्याआधी, खेळलेला वेळही या २ तासांत धरला जातो.

हे २ तास जपून वापरावेत. गेम उघडा आहे तेवढा सगळा वेळ मोजला जातो, मग आपण मेनूत का असेना. पहिल्यांदा उघडल्यावर काही गेम शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार करण्यातच पाव तास घालवतात, तो वेळ हातचा गेला असे समजावे. सेटिंग आधी ठरवून ठेवावीत, कथेच्या मोहिमेला हात लावू नये आणि नेहमीच्या वेळी, नेहमीच्या गटासह थेट मुख्य मोडमध्ये शिरावे. पहिल्या सामन्यात फक्त पिंग आणि फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर किती चित्रे उमटतात ते) पाहावा. पुढच्या दोन-तीन सामन्यांत यादीतील गोष्टी ताडाव्यात आणि एकदा बाजूचा मोड लावून सामना मिळायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघावे. दीड तासाच्या सुमारास गेम पूर्ण बंद करून मित्रांशी बोलावे. त्या बोलण्यात कुणीही 'उद्या पुन्हा बसू' असे आपणहून म्हटले नाही, तर त्याच रात्री परताव्याची मागणी नोंदवावी. सहा महिन्यांनी सुधारणा झाल्या आणि गर्दी टिकली, तर तोच गेम पुन्हा घ्यायला स्टीमवर कोणतीही आडकाठी नाही.